दुधावरचं निळं कडं

"मग त्या दिवशी तुम्ही मला अडवलं का नाहीत, बुवा?"

मठाचे केरबाबुवा समोरच्या काचेच्या नळ्यांकडे बघत होते. चौदा नळ्या. मठाच्या चौदा गाईंचं सकाळचं दूध, प्रत्येक नळीत जेमतेम चमचाभर. त्यात विश्रामने निळ्या औषधाचा एकेक थेंब टाकला होता आणि नळ्या कोमट पाण्याच्या डब्यात उभ्या केल्या होत्या.

"ह्याला किती येळ लागतो म्हणलास?"

"एक तास."

"मग तासभर गप बस की."

डॉक्टर विश्राम हराळे गप बसला. गप बसणं ही काही त्याने शिकलेली विद्या नव्हती. पण त्या सकाळी त्याच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं.

…

मठ टेकडीवर. मागे जंगल, पुढे उतारावर धनगरवाडा, आणि मधून एक ओढा. तो मठाच्या गोठ्याला वळसा घालून खाली जंगलात शिरतो आणि गव्यांच्या पाणवठ्याला मिळतो.

मठाच्या गाई विकत घेतलेल्या नाहीत. त्या देवाला सोडलेल्या. पण माणूस देवाला काय सोडतो, तेही एकदा बघून घ्यावं. दोनदा गाभडलेली गाय, गाभ न धरणारी गाय, दारात नको झालेली आणि कसायाकडे धाडायला मन न धजणारी गाय. ती मठात आणून बांधायची, वर नारळ फोडायचा आणि पुण्य घेऊन घरी जायचं.

केरबाबुवा नाही म्हणत नसत. नारळाचं खोबरं ते गाईलाच घालत.

विश्राम खालच्या गावचा. लहानपणी सुट्टीत गाईंमागे मठावर यायचा, आणि जनावर बघायचं कसं ते त्याला बुवांनीच शिकवलं. कान चाचपून बघ, गार आहे का ऊन. नाकपुडीवर दव आहे का बघ. एका घासाला रवंथ किती वेळ चालतो, मोज. मग पोटाकडे जा.

"जनावर बोलत न्हाई," बुवा सांगायचे. "म्हणून वैद्यानं त्येच्या वतीनं फार बोलू नये."

पोरगं हुशार निघालं. पशुवैद्यक झालं, सुवर्णपदक आणलं, आणि तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर होऊन परत आलं. सगळं नीट झालं. फक्त ते शेवटचं वाक्य कुठेतरी वाटेत सांडलं.

…

तो दिवस तीन वर्षांपूर्वीचा. माघातला.

चांदणी नावाची गाय मठात येऊन दोन महिने झाले होते. सातव्या महिन्यात गाभडली. वासरू मेलेलं पडलं आणि वार आतच अडकली. वासरामागून आपोआप पडायची ती वार पडेना, तसा बुवांनी निरोप धाडला.

विश्राम आला तो कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. त्या दिवशी चार वाजता गावात त्याचा सत्कार होता. शाल, श्रीफळ, सरपंचांचं भाषण. म्हणजे गाय निमित्ताला. मन चारच्या ठोक्यावर.

गोठ्यात हौसा होती. धनगरवाड्यातली हौसा बारा वर्षं मठाच्या गाईंची धार काढत होती. गाई तिच्या पावलांचा आवाज ओळखायच्या. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि पहिल्यांदाच दिवस राहिले होते. चौथा महिना.

"हौसाक्का, इकडं ये. हे धर. सोडू नको," विश्राम म्हणाला.

तिने दोन्ही हातांनी वार धरली. उघड्या हातांनी. विश्रामच्या गाडीच्या पेटीत कोपरापर्यंतचे हातमोजे होते. पण पाच मिनिटांचं काम, त्याला कशाला एवढा थाट, असं त्याला वाटलं. त्याने स्वतःही घातले नाहीत आणि तिलाही दिले नाहीत.

वार निघाली. चार माणसं जमली होती, ती 'वा' म्हणाली.

हौसाने वार भाताच्या पेंढ्यात गुंडाळली आणि वडाकडे निघाली. तिकडची रीतच तशी. वार चिकाच्या झाडाला उंच टांगायची, म्हणजे गाईला दूध सुटतं. मठाच्या वडाची एक फांदी पिढ्यान्‌पिढ्या त्याच कामाला होती.

विश्राम हसला.

"अजून वडाला टांगताय? कुठल्या जमान्यात आहात? आण इकडं."

त्याने तिच्या हातातून गाठोडं घेतलं आणि फेकलं ते थेट ओढ्यात. लोक हसले. डॉक्टरचा नेम चांगला होता.

बुवा हसले नाहीत.

"इसराम, कशानं गाभडली गाय?"

आता इथे खरं काय होतं, ते सांगायला हवं. खरं हे होतं, की विश्रामला माहीत नव्हतं. गाय सातव्या महिन्यात टाकते, वर वार अडकते, तेव्हा संशय कशाचा घ्यायचा हे त्याने पुस्तकात वाचलं होतं. त्या वारेचा तुकडा आणि मेल्या वासराच्या पोटातलं पाणी बाटलीत घालून, बर्फावर ठेवून, जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पोचवायचं, हेही वाचलं होतं. बाटली गाडीच्या पेटीत होती. बर्फही होता. जायला दोन तास लागले असते.

आणि सत्कार चारला होता.

"उष्णतेनं," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की."

झाकली मूठ सव्वा लाखाची. विश्रामने ती इतकी घट्ट झाकली, की आत काही नाही हे हळूहळू तोच विसरला.

…

चैत्रात दुसरी गाय गाभडली. आषाढात तिसरी, दिवाळीच्या तोंडावर चौथी.

उष्णता म्हटल्यावर गाईंना ताक पाजलं, अंगावर ओली पोती टाकली. पडलेली प्रत्येक वार ओढ्यात गेली. "डाक्तरनंच टाकली व्हती की," लोक म्हणायचे. वडाची फांदी मोकळी राहिली. एका माणसाने एकदा रीत मोडली आणि त्या मोडण्याचीच रीत पडली.

वडावर टांगून गाईला दूध सुटत असेल नसेल. पण तिथे वार कुत्र्याला पोचत नव्हती, गाईच्या तोंडी लागत नव्हती, पाण्यात जात नव्हती. म्हाताऱ्यांचं कारण चुकलं होतं, पण फांदी उंच होती.

त्याच उन्हाळ्यात हौसाचंही मूल राहिलं नाही.

मग लोकांनी हिशेब जुळवला. गाई कुणाच्या हाताखाली गाभडतात? हौसाच्या. आणि जिची स्वतःचीच कूस टिकली नाही, तिचा हात गाईच्या कासेला? डॉक्टरने उष्णता म्हटलं होतं, पण उष्णतेला काही तोंड नसतं, शिव्या घालता येत नाहीत. हौसाला तोंड होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं झालं.

बुवांनी तिला बोलावलं.

"हौसा… चार दिस गोठ्यात येऊ नगो."

तिने धारेची चरवी पालथी घालून ठेवली आणि उतारावरून खाली गेली.

त्या चार दिवसांची दोन वर्षं झाली. गाई मात्र गाभडतच राहिल्या. कुणी म्हणालं, तिची सावली अजून गोठ्यावर आहे. एकदा ठरवून टाकलं की माणसाला पुरावा कुठूनही मिळतो.

…

गेल्या महिन्यात वनरक्षकाला खालच्या पाणवठ्यावर गव्याचं वासरू सापडलं. मेलेलं, अपुऱ्या दिवसांचं. जवळच एक गवा गुडघा भोपळ्यासारखा सुजवून लंगडत होता.

विश्रामला बोलावणं आलं. या वेळी त्याने हातमोजे घातले, तोंड बांधलं, तुकडे बाटलीत घेतले, बर्फ भरला आणि दोन तास गाडी चालवून स्वतः प्रयोगशाळेत नेऊन दिले. गवा सरकारी. त्याचे कागद वर जातात.

आठवड्याने तिथल्या बाईंचा फोन आला.

"ब्रुसेला निघालाय, डॉक्टर. गाभ पाडणारा जंतू. पाळीव जनावरांतून आलेला दिसतो. ओढ्याच्या वरच्या अंगाला काय आहे?"

विश्रामने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मठ आहे," तो म्हणाला.

…

तास झाला.

विश्रामने नळ्या एकेक करून उजेडात धरल्या. पाच नळ्यांत दूध सारखं फिकट निळं होतं, वर सायीचा पांढरा थर. उरलेल्या नऊ नळ्यांत दूध स्वच्छ पांढरं दिसत होतं आणि अगदी वर, सायीच्या जागी, गडद निळं कडं.

बुवांनी डोळे बारीक केले.

"ह्या पांढऱ्या ऱ्हायल्या त्या चांगल्या म्हणायच्या?"

"नाही. पांढऱ्या राहिल्या त्या आजारी. जंतूशी झगडणारं काहीतरी त्या दुधात असतं. ते सगळा निळा रंग धरून सायीबरोबर वर आणतं, म्हणून कडं होतं."

"आनि निळसर दिसत्यात, त्या बऱ्या?"

"होय."

"उलटंच हाय की रं सगळं."

"उलटंच आहे."

"चांदणी कंची?"

विश्रामने तिसरी नळी पुढे केली. बुवांनी कड्याकडे बघितलं. बोट लावलं नाही.

"मरनार ह्या?"

"मरणार नाहीत. पण हा रोग गाईच्या अंगातून जात नाही. नवांना वेगळं बांधायचं. विकायच्या नाहीत, कुणाला द्यायच्या नाहीत. रक्त तपासून पक्कं करू. धाकट्या कालवडींना लस टोचू. आणि यापुढं वार, मेलेलं वासरू, ओला गवत-कचरा… काही ओढ्यात नाही. हातमोजे घालून उचलायचं, खोल खड्डा, वर चुना."

"वडाला?"

विश्रामने मान खाली घातली.

"वडालाही नको. पण ओढ्यापेक्षा वड बरा होता, बुवा."

बुवा 'हं' म्हणाले. त्यात कसलाही विजय नव्हता.

"दूध कच्चं कुणी प्यायचं नाही. तीर्थाचंसुद्धा उकळून."

"उकळल्यालं देवाला चालंल?"

"देवाला चालेल. ताप माणसांना येतो." तो थांबला. "तुम्हाला येतो ना? संध्याकाळी कणकण, पहाटे घाम?"

"कुनी सांगितलं तुला?"

"गुडघे धरून उठताय."

"म्हातारपन हाय."

"असेलही. नसेलही. मला माहीत नाही, बुवा. रक्त बघायला हवं."

बुवांनी त्याच्याकडे वळून बघितलं. 'मला माहीत नाही' हे तीन शब्द या पोराच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांचा चेहरा किंचित मऊ झाला. पण तीन वर्षं उशिरा आलेल्या शब्दांचं कौतुक तरी किती करायचं?

…

"मघाशी इचारलंस," बुवा म्हणाले, "अडवलं का न्हाई म्हणून."

विश्रामने हातातली नळी डब्यात ठेवली.

"म्या दोनदा इचारलं. तिसऱ्यांदा इचारायचं व्हतं."

"मग?"

"माज्या हाताखालचं पोरगं डाक्तर हून आल्यालं. चार मानसं बघत व्हती. तू 'नक्की' म्हणलास, आनि ते मला ग्वाड लागलं."

बुवांनी उपरण्याने डोळे पुसले. त्यांनी ते लपवलं नाही.

"गाई खुळ्या न्हवत्या. हौसा गेल्यावर पंधरा दिस कुनी धार दिली न्हाई. वाट बघत हुभ्या ऱ्हायच्या. हात वाईट आसता, तर गाईंनी वाट बघितली आसती? दिसत व्हतं मला. तरी मी गप बसलो."

आपण एकट्याने केलं असं वाटत असलेलं पाप अर्धं दुसऱ्याने उचललं, की माणसाला आधी हलकं वाटतं आणि मग जास्तच लाज वाटते. विश्रामचं तसंच झालं.

बुवा काठी टेकून उठले.

"ती नळी घे. चांदणीची."

"कुठं जायचंय?"

"हौसाकडं."

"तुमचे गुडघे… मी एकटा जाऊन सांगतो."

"तिला जा म्हणताना मी एकटाच व्हतो. आता ये म्हणायला तरी खाली उतराय नगो?"

…

वर्षभरात बुवा मठाच्या पायऱ्या उतरले नव्हते. त्या दिवशी उतरले. दर दहा पायऱ्यांना थांबत, एकदा बसत, पण विश्रामचा हात न घेता.

धनगरवाड्यात शेवटचं घर हौसाचं. दारात खुंटा नव्हता, कोंबडी नव्हती, शेळी नव्हती. धनगराच्या घरासमोर एकसुद्धा जनावर नाही, हे बघायलाच चमत्कारिक वाटत होतं.

ती ओट्यावर बसून पत्रावळी लावत होती. बुवांना बघून गडबडीने उठली, आणि पुढे यायच्या ऐवजी दोन पावलं मागे सरकली.

"लांबनंच पाया पडते, बुवा. तुमाला गोठ्यात जायचं आसतंय."

विश्रामने तोंड फिरवलं. ती रागावली असती, तर त्याला सोसलं असतं. लोकांनी तिच्यावर ठेवलेला ठपका तिने स्वतःच खरा मानला होता. तेवढं मात्र त्याला सोसवेना.

बुवा ओट्याच्या कडेवर टेकले.

"बस, हौसा. डाक्तर काय सांगतोय ते ऐक."

विश्रामने बुचाची नळी तिच्यासमोर धरली. सांगितलं त्याने नीट, सोपं करून. वरचं निळं कडं म्हणजे काय. ब्रुसेला नावाचा जंतू. तो कुणाच्यातरी गाईबरोबर मठात आला, वारेतून, पाण्यातून एकीकडून दुसरीकडे गेला. खाली गव्यांना पोचला. गाई गाभडल्या त्या जंतूने.

हौसा नळीकडे बघत होती.

"म्हंजी… माज्या हातानं न्हाई?"

"नाही, हौसाक्का. तुझ्या हातात काही वाईट नव्हतं. कधीच नव्हतं."

तिने हात उलटे करून बघितले. पत्रावळीच्या काड्यांनी बोटांना चरे पडले होते. मग ते हात तिने पदराखाली घेतले, थंडी वाजल्यासारखे.

तिने मान वर केली.

"आनि माजं प्वार?"

…

"डाक्तर, माजं प्वार?"

"त्यानंही असू शकतं," विश्राम म्हणाला. "माणसालाही होतो हा आजार. वार हाताळली की होतो. नक्की आता सांगता येणार नाही. पण तुझं रक्त तपासू. अजून अंगात असेल, तर औषध आहे. सहा आठवडे गोळ्या घ्यायच्या."

"सासू म्हणायची, गाईंचा तळतळाट लागला."

"तसं काही नसतं."

"मी बी तसंच म्हणायची… मनात."

मग ती रडली. मोठ्याने नाही. पदराचा बोळा तोंडाशी धरून, कुणाला त्रास नको अशी. बुवा जमिनीकडे बघत राहिले.

डोळे पुसून तिने विश्रामकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. लहान मूल विचारतं, तसं तिने विचारलं.

"मग त्या दिशी का न्हाई कळलं, डाक्तर?"

विश्रामच्या डोळ्यांसमोर गाडीची पेटी आली. बाटली आली, बर्फ आला. घडी न मोडलेले हातमोजे आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट आला. चार वाजता गळ्यात पडलेला हार आला.

बाटली-बर्फाचं सगळं सकाळीच ऐकलेल्या बुवांची काठी जमिनीवर हलायची थांबली.

"तेव्हा…" विश्राम म्हणाला, "तेव्हा तपासायची सोय नव्हती, हौसाक्का."

हौसाने मान हलवली. तिला ते लगेच पटलं. खरं बोलणाऱ्यांना सगळंच लवकर पटतं.

"व्हय," ती म्हणाली, "सोयच नसंल तर मानूस तरी काय करनार? तुमी नगा वाईट वाटून घिऊ."

आणि ती आत गेली. तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा घेऊन बाहेर आली. दोन वर्षांत तिच्या हातचं पाणी बाहेरचं कुणी प्यायलं नव्हतं. विश्राम सगळा तांब्या प्यायला.

"उद्यापासनं गोठ्यात ये, हौसा," बुवा म्हणाले. "मी जा म्हणलो, ते माजं चुकलं. गाईंनी सांगितलं व्हतं मला. मी ऐकलं न्हाई."

हौसा त्यांच्या पायाशी वाकली. या वेळी जवळून.

…

परतीच्या चढावर विश्रामची पावलं हलकी पडत होती.

"फार दिवसांचं ओझं उतरलं, बुवा."

बुवा काठी टेकत मागून येत होते.

"सोमवारी गावात सगळ्यांना बोलावतो. नळ्या दाखवतो. फळ्यावर रोगाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहितो. हौसाक्काचं नाव परत कुणी घेणार नाही."

वाटेत एक धोंडा होता. बुवा त्यावर बसले. विश्राम चार पावलं पुढे गेला आणि मागे वळला.

"दमलात? आता थोडंच राहिलंय."

"व्हय. थोडंच ऱ्हायलंय."

"मग चला. हात द्या."

बुवांनी हात दिला नाही. काठी उचलली आणि मागे, उताराकडे धरली. खाली ते शेवटचं घर दिसत होतं. हौसा अजून ओट्यावर उभी होती. ऊन तिच्या हातांवर पडलं होतं, आणि ती ते हात बघत होती.

"काय झालं, बुवा? सांगितलं ना सगळं. कडं दाखवलं, औषध सांगितलं, रोगाचं नाव सांगितलं…"

बुवांची काठी खाली आली नाही.

"रोगाचं नाव सांगितलंस, इसराम… तुजं ऱ्हायलं."